स्टेडियमचा उतार आणि जमिनीचा उतार

नव्या स्टेडियमचे माहितीपत्रक हाती आले की त्यात एक वाक्य हमखास आढळते : 'हे स्टेडियम परिसराशी एकरूप झाले आहे.' सोबत छायाचित्र असते. मागे डोंगर, पुढे हिरवळ आणि मध्ये पांढरे छत. ते पाहून आपलेही मत तसेच होते. पण एकरूप होणे म्हणजे नेमके काय, याचा खुलासा माहितीपत्रकात नसतो. भिंतींना हिरवा रंग दिला, त्यांवर वेल चढवले, म्हणजे एकरूप झाले का? की बांधताना जमिनीचा चढउतार, तिथला खडक, निघालेली माती आणि पाण्याची वाट यांचा विचार झाला होता? रंग आणि वेल छायाचित्रात दिसतात. माती कुठून निघाली आणि कुठे गेली, हे दिसत नाही. पण ते मोजता येते. मेक्सिको, पोर्तुगाल आणि जर्मनी येथील काही नावाजलेली स्टेडियमे या मोजमापाने कशी ठरतात, ते या लेखात पाहू.

हा प्रश्न निव्वळ सौंदर्याचा नाही. एखाद्या शहराने बांधलेल्या सर्वांत मोठ्या वास्तूंमध्ये स्टेडियमची गणना होते. त्याला जमीन भरपूर लागते, खर्च अफाट होतो आणि तो बहुतेक वेळा सार्वजनिक तिजोरीतून होतो. वापर मात्र वर्षातले मोजके दिवस. उरलेले दिवस आसपासच्या लोकांना त्या प्रचंड वस्तूच्या शेजारी राहायचे असते. टेकडी फोडली असेल, ओढा अडवला असेल, तर त्याचे परिणाम सामना संपल्यावरही चालूच राहतात.

आधी एक घोटाळा दूर करू. हिमाचल प्रदेशातील धर्मशाळेचे क्रिकेट मैदान सुमारे १४५० मीटर उंचीवर आहे. त्याच्या मागे धौलाधारची बर्फाच्छादित रांग उभी असते आणि समालोचक तिच्याकडे कॅमेरा वळवायला विसरत नाहीत. दृश्य सुंदर आहे, यात शंका नाही. पण तेच स्टेडियम उचलून पंजाबच्या सपाट मैदानात ठेवले, तर त्याच्याकडे कोणी वळून पाहील का? चांगली पार्श्वभूमी लाभणे आणि जमिनीत मिसळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. या लेखात दुसऱ्या गोष्टीचाच विचार करायचा आहे.

मातीचे गणित

'स्टेडियम' हा शब्द ग्रीक 'स्टॅडिऑन'वरून आला. मुळात ते लांबीचे माप होते. ऑलिंपियाच्या प्राचीन मैदानात धावण्याची पट्टी सुमारे १९२ मीटर लांब आहे आणि तिच्या कडेने मातीचे उतार आहेत. एका बाजूला क्रोनोस टेकडीचा पायथा आयताच मिळाला, दुसऱ्या बाजूला भराव घातला. पंचांसाठी दगडी आसने होती. बाकीचे हजारो लोक गवतावर बसत किंवा उभे राहत. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये गोळाफेक मुद्दाम इथे घेण्यात आली, तेव्हाही प्रेक्षक त्याच उतारांवर बसले होते. अडीच हजार वर्षांनीही वापरता आले, असे दुसरे प्रेक्षागार शोधायचे तर बराच शोध घ्यावा लागेल.

आपल्याकडचे उदाहरण कोल्हापूरचे खासबाग मैदान. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले असता त्यांनी रोमचे कोलोसियम पाहिले, आणि पुढे कोल्हापुरात कुस्त्यांसाठी मैदान बांधून घेतले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. कोलोसियम ही दगड, विटा आणि काँक्रीटच्या कमानींवर उभी राहिलेली चारमजली इमारत आहे. कोल्हापूरकरांनी त्यातला गोल आकार घेतला आणि इमारत मात्र सोडून दिली. मध्ये हौदा आणि भोवताली बशीसारखा वर चढत जाणारा उतार, एवढाच आराखडा. कुठेही बसले तरी कुस्ती दिसते, असे जुने कुस्तीशौकीन अभिमानाने सांगतात. त्या अभिमानामागे साधी भूमिती आहे.

ही भूमिती दहावीच्या वर्गात समरूप त्रिकोण शिकवताना करून घेण्यासारखी आहे. अट एकच : मागच्या प्रेक्षकाची दृष्टिरेषा पुढच्याच्या डोक्यावरून गेली पाहिजे. पुढच्याचे डोळे आणि त्याच्या डोक्याचा माथा यांत १० सें.मी. अंतर धरू. मैदानाची जवळची कड पहिल्या रांगेपासून १० मीटरवर आहे, पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचे डोळे मैदानाच्या पातळीपासून दीड मीटर वर आहेत आणि पायरीची रुंदी ८० सें.मी. आहे, असे माना. कडेपासून निघून पहिल्या प्रेक्षकाच्या माथ्याला स्पर्श करणारी रेषा १० मीटरवर १.६ मीटर उंच असते. ती १०.८ मीटरवर १.६ × १०.८ ÷ १०, म्हणजे सुमारे १.७३ मीटर उंच होते. दुसऱ्या प्रेक्षकाचे डोळे तिथे हवेत. म्हणजे पायरी २३ सें.मी. चढली आणि चढ सुमारे १६ अंशांचा झाला. हेच गणित रांगेमागून रांग करत गेल्यास पायरी थोडी थोडी उंच होत जाते. साठाव्या रांगेशी ती सुमारे ४० सें.मी.ची होते आणि चढ जवळजवळ २७ अंशांवर पोचतो. आलेखकागदावर बिंदू मांडले तर सरळ रेषा मिळत नाही, वर वळणारा वक्र मिळतो. खासबागेतली बशी ती हीच.

आता एकच आकडा बदला. मैदान आणि पहिली रांग यांच्यामध्ये धावण्याची पट्टी आली आणि अंतर १० ऐवजी २५ मीटर झाले. पहिला चढ ११ अंशांवर येतो आणि साठाव्या रांगेशीही तो १८ अंशांपुढे जात नाही. प्रेक्षक लांब गेला की उतार सौम्य लागतो, जवळ आणला की उभा लागतो.

यात मातीचे म्हणणे काय आहे, तेही ऐकले पाहिजे. कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावतो. पण ज्या भरावावर हजारो माणसे बसणार आणि वर्षानुवर्षे पाऊस पडणार, तो एवढा उभा ठेवायला कोणी अभियंता तयार होत नाही. दोन मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ, म्हणजे सुमारे २७ अंश, ही व्यवहारातली नेहमीची मर्यादा. जिथे पाऊस जास्त आणि माती चिकण, तिथे त्याहूनही कमी. म्हणजे पट्टी असलेले मोठे मैदान मातीच्या उतारावर सहज बसते. फुटबॉलसारख्या खेळात पन्नास-साठ हजार प्रेक्षक मैदानाला खेटून बसवायचे असतील, तर माती साथ सोडते आणि काँक्रीटचे सांगाडे उभारावे लागतात. जमिनीशी जुळवून घेणाऱ्या प्रत्येक स्टेडियमची खरी अडचण ही आहे. ती कोणी कशी सोडवली, यावरून त्या कामाची प्रत ठरवावी, असे मला वाटते.

दोन ज्वालामुखी

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला पेद्रेगाल नावाचा लाव्हाचा प्रदेश आहे. शित्ले या छोट्या ज्वालामुखीतून सुमारे १७०० वर्षांपूर्वी आलेला हा लाव्हा. त्याने कुइकुइल्कोच्या प्राचीन गोल पिरॅमिडचा पायथाही गाडून टाकला. (आपल्या दख्खनच्या पठाराचा खडकही लाव्हाचाच, पण त्याचे वय साडेसहा कोटी वर्षे, त्यावर माती तयार व्हायला भरपूर वेळ मिळाला. पेद्रेगालचा खडक त्या मानाने कालचा आहे.) राष्ट्रीय विद्यापीठाचा नवा परिसर या खडकाळ भागात उभा राहिला आणि त्याचे स्टेडियम नोव्हेंबर १९५२ मध्ये खुले झाले. आउगुस्तो पेरेझ पालासिओस, राउल सालिनास आणि होर्हे ब्राव्हो हे त्याचे वास्तुरचनाकार.

त्यांनी मैदान आजूबाजूच्या पातळीपेक्षा खाली खोदले आणि निघालेली माती भोवती रचून तिचा दाबून पक्का केलेला बांध घातला. मैदानाच्या पातळीवर उभे राहिले तर वरच्या रांगा बऱ्याच उंच वाटतात, पण बाहेरून पाहणाऱ्याला त्या उंचीचा थोडाच भाग दिसतो. बांधाची बाहेरची बाजू तिथल्याच काळ्या ज्वालामुखी दगडाने मढवली आहे. वरच्या भागासाठी काँक्रीट वापरावे लागले, हे खरे. तरीही बहुतांश भार थेट जमिनीवर येतो. खोदाई आणि भराव यांचा हिशेब जिथल्या तिथे मिटवण्याची ही युक्ती आपल्याकडचा रस्तेबांधणीतला कोणताही मुकादम ओळखेल. माती दूर वाहून न्यायची नाही, दुरून आणायचीही नाही.

या बांधाच्या पूर्वेकडच्या दर्शनी भागावर दिएगो रिव्हेरा या प्रसिद्ध चित्रकाराने रंगीत दगडांचे एक उठावचित्र केले आहे. सगळा बाहेरचा बांध अशा चित्रांनी सजवायचा त्याचा विचार होता. तो पुरा झाला नाही. कलाप्रेमींना याची हळहळ वाटते. माझे मत थोडे वेगळे आहे. उरलेला बांध उघडा राहिला म्हणूनच तो आज दगडी टेकाडासारखा दिसतो. १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये बॉब बीमनने ८.९० मीटरची लांब उडी याच मैदानावर मारली. ऑलिंपिकच्या मैदानात धावपट्टी असतेच. म्हणजे प्रेक्षक लांब आणि उतार सौम्य. मातीला जे पेलते तेच तिच्याकडून मागितले गेले.

याच देशात ग्वादालाहारा शहरात २०१० मध्ये दुसरा 'ज्वालामुखी' उभा राहिला. जाँ-मारी मासो आणि दानिएल पुझे या फ्रेंच रचनाकारांचे हे फुटबॉल स्टेडियम. बाहेरून गवताने झाकलेला गोल डोंगर, आणि त्यावर तरंगणारे पांढऱ्या छताचे कडे, जणू शिखरावरचा ढग. छायाचित्रात ते मेक्सिको सिटीच्या स्टेडियमपेक्षा कितीतरी अधिक नैसर्गिक वाटते. पण या डोंगराच्या पोटात वाहनतळ आहे. आत पोलाद आणि काँक्रीटची नेहमीची इमारत आणि बाहेर गवताची शाल, असा हा प्रकार आहे. फुटबॉल जवळून दाखवायचे म्हणून आतला चढ उभा ठेवावा लागला आणि तो झाकायला बाहेरचा डोंगर रचावा लागला. ग्वादालाहाराला पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. उरलेल्या काळात हा उतार हिरवा ठेवायचा तर पाणी घालत राहिले पाहिजे. गंमत अशी, की सुरुवातीची दोन वर्षे या स्टेडियमच्या मैदानावर कृत्रिम हिरवळ होती. बाहेरच्या डोंगरावर खरे गवत आणि खेळायच्या जागी प्लॅस्टिक! २०१२ मध्ये ती काढून खरे गवत लावण्यात आले.

हिरवळीचा पाण्याशी काय संबंध, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला, तो याच प्रश्नावरून. हिरवे दिसते ते निसर्गाच्या बाजूचे, असा समज असतो. कोरड्या प्रदेशात तो कित्येकदा उलटा ठरतो.

खडक कापून

पोर्तुगालमधील ब्रागा शहराचे स्टेडियम ही याच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट. एदुआर्दो सोतो दे मोउरा या वास्तुरचनाकाराने ते २००४ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेसाठी बांधले. डिसेंबर २००३ मध्ये ते खुले झाले. प्रेक्षकसंख्या सुमारे ३० हजार. जागा म्हणजे मोन्ते कास्त्रो टेकडीवरची ग्रॅनाइटची जुनी खाण. लोक स्टेडियमला 'खाण' याच नावाने ओळखतात. मैदानाच्या फक्त दोन लांब बाजूंना प्रेक्षक बसतात. एका गोलच्या मागे कापलेला उभा कडा आहे आणि दुसऱ्या गोलच्या मागे काहीच नाही. दरीकडचा प्रदेश मोकळा दिसतो.

याही स्टेडियमबद्दल 'निसर्गाशी एकरूप' हे शब्द वापरले जातात, आणि इथे ते मला सर्वांत कमी पटतात. एकरूप कसले? लाखो घनमीटर ग्रॅनाइट सुरुंग लावून फोडला गेला. टेकडीचा आकार कायमचा बदलला. कडा रांगडा आणि नैसर्गिक दिसतो, पण त्याचा आजचा चेहरा सुरुंगांनी घडवलेला आहे. तरीही मी या स्टेडियमच्या बाजूने बोलेन. त्याची कारणे छायाचित्रात दिसत नाहीत.

पहिले कारण पाण्याचे. खाली दरीतल्या सपाटीवर स्टेडियम बांधले असते तर ते पाण्याच्या वाटेत धरणासारखे आडवे आले असते. ते टाळण्यासाठी ते टेकडीच्या उतारावर सरकवण्यात आले. समोच्च रेषांचा नकाशा वाचायला शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल. सपाट जागा बांधकामाला स्वस्त, पण ती सपाट बहुधा पाण्यानेच केलेली असते, आणि पाणी आपली जागा सहसा सोडत नाही. दुसरे कारण दगडाचे. फोडलेला ग्रॅनाइट दुसरीकडे नेऊन टाकला नाही. तो भरडून स्टेडियमच्याच काँक्रीटमध्ये वापरला. मेक्सिकोत मातीचे जे झाले तेच इथे खडकाचे झाले. तिसरे कारण चढाचे. ब्रागात धावपट्टी नाही, फुटबॉल जवळून पाहायचे आहे, म्हणजे चढ उभा हवा. मातीला तो पेलणारा नव्हता, पण ग्रॅनाइट उभा कापला तरी उभा राहतो. म्हणून एका बाजूचे प्रेक्षागार टेकडीला पाठ लावून बसवले आहे. दुसऱ्या बाजूचे काँक्रीटच्या मोठ्या फासळ्यांवर उघडेच उभे आहे, आणि ते कशानेही झाकायचा प्रयत्न केलेला नाही.

दोन्ही बाजूंच्या छतांना जोडणारे पोलादी दोर मैदानावरून आरपार जातात. हे अंतर सुमारे २०० मीटर आहे. पेरूमधल्या इंका लोकांच्या गवती दोरांच्या झुलत्या पुलांवरून ही कल्पना सुचली. दोन टोकांना धरलेल्या दोरीला जसा झोळ पडतो, तसाच हा झोळ. प्रेक्षकांच्या डोक्यावर तेवढ्या दोरांवर काँक्रीटचे छत आहे, मध्ये नुसते दोर. हलके छत वाऱ्याने वर उचलले जाते. काँक्रीटचे वजन त्याला धरून ठेवते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दोन्ही गोलांच्या मागच्या जागा हा फुटबॉलच्या खऱ्या वेड्यांचा बालेकिल्ला असतो. तिकीट स्वस्त, आरडाओरडा भरपूर. ब्रागात ती जागाच नाही. प्रेक्षकांना डोंगर आणि दरी मिळाली, पण प्रेक्षकांचा एक वर्ग वगळून. आणि खर्च! तो मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि त्याचा बोजा नगरपालिकेवर वर्षानुवर्षे राहिला. सोतो दे मोउरा यांना २०११ मध्ये वास्तुकलेचे प्रिट्झ्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा या स्टेडियमचे कौतुक सर्वत्र छापून आले. कर्जाच्या हिशेबाला त्या मानाने फारच कमी जागा मिळाली.

म्युनिकचे छत आणि म्युनिकची टेकडी

जर्मनीतील म्युनिकचे ऑलिंपिक स्टेडियम शेवटी घेतो आहे, कारण त्यात बोलण्यासारखे सर्वाधिक आहे. शहराच्या उत्तरेला ओबरव्हीझनफेल्ड नावाचे सपाट मैदान होते. तिथे एकेकाळी लष्करी कवायती होत, पुढे विमानतळ झाला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीने शहर उद्ध्वस्त झाल्यावर विटा-दगडांचा राडारोडा आणून इथे टाकला गेला आणि त्याचा ५० मीटरहून उंच ढीग झाला. १९७२ चे ऑलिंपिक म्युनिकला द्यायचे ठरले तेव्हा संयोजकांसमोर बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिंपिकची आठवण होती : हिटलरचा काळ, दगडी खांब, लष्करी शिस्तीची भव्यता. त्याच्या नेमके उलटे काही करायचे होते.

१९६७ च्या स्पर्धेत ग्युंटर बेनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आराखडा निवडला गेला. त्याची मूळ कल्पना इमारतीची नव्हतीच, भूभागाची होती. राडारोड्याचा ढीग हटवायचा नाही. त्यालाच टेकडी मानायचे आणि तिच्या उतारांतून बाकीचे उतार काढायचे. कालव्याचे पाणी अडवून पायथ्याशी तळे करायचे. स्टेडियम म्हणजे या चढउतारातला एक खळगा. प्रेक्षकांच्या बऱ्याचशा रांगा मातीच्या उतारावर बसल्या. केवळ पश्चिमेचे मुख्य प्रेक्षागार जमिनीवर उंच उभारले गेले. धावपट्टी होतीच, त्यामुळे आपण वर काढलेले सौम्य उताराचे गणित इथे चपखल बसते. भूदृश्यरचनाकार ग्युंटर ग्झिमेक यांनी हे उद्यान लोकांनी वापरण्यासाठी आखले. हिरवळ चालण्यासाठी, बसण्यासाठी, पाटी लावून राखण्यासाठी नव्हे.

मग छत आले. फ्राय ओटो यांनी १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात जर्मन दालनासाठी दोरांच्या जाळीचा तंबू उभारला होता. म्युनिकच्या छतामागे तीच कल्पना आणि त्यांचाच सल्ला होता. ओटो छताचे आकार साबणाच्या पातळ पडद्यांवरून शोधत. हा प्रयोग शाळेत सहज होतो. तार वाकवून एक वेडेवाकडे कडे करा, साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढा. पडदा कड्याला जोडणारा कमीतकमी क्षेत्रफळाचा पृष्ठभाग घेतो, आणि त्याच्या प्रत्येक बिंदूवर सर्व दिशांना सारखा ताण असतो. कडे सपाट नसेल तर पृष्ठभाग खोगिरासारखा होतो : एका दिशेने वर वळलेला, दुसऱ्या दिशेने खाली. पोलादी दोरांची जाळी असा आकार घेते तेव्हा वारा कुठूनही आला तरी दोरांचा एक संच त्याला विरोध करतो. म्युनिकच्या जाळीचे घर ७५ सें.मी.चे आहे आणि तिच्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचे तक्ते बसवले आहेत. ते पारदर्शक असावेत, हा आग्रह बराचसा दूरचित्रवाणीचा होता. तेव्हा रंगीत प्रक्षेपण नवे होते आणि ऊन-सावलीच्या गडद रेषा कॅमेऱ्यांना झेपत नव्हत्या.

साबणाच्या पडद्यावरून हजारो दोरांच्या लांबी ठरवता येत नाहीत. प्रतिकृती कितीही काळजीने मोजल्या तरी या आकाराला लागणारी अचूकता मिळेना. तेव्हा श्टुटगार्टचे भूमापनतज्ज्ञ क्लाउस लिंकविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर जाळीचा समतोल आकार काढण्याच्या रीती बसवल्या. त्यातून निघालेली पद्धत ताणजालांच्या रचनेत आजही वापरली जाते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने म्युनिकची ही कायमची देणगी.

पण परीक्षकाने छताच्या मोहात अडकू नये. दोर ओढतात, त्या ओढीला उत्तर कोणीतरी द्यावे लागते. घराच्या छपराचे वजन खांबांतून खाली जमिनीत दाबाने जाते. तंबूच्या दोराला मात्र जमिनीतून उपटून निघायचे असते. शाळेच्या शिबिरात तंबू ठोकताना खुंटी किती खोल जाते, हे मुलांना माहीत असते. म्युनिकच्या खुंट्या म्हणजे जमिनीत गाडलेले काँक्रीटचे प्रचंड ठोकळे आणि भिंती. वर जे कोळ्याच्या जाळ्यासारखे हलके दिसते, त्याचे वजन हिरवळीखाली लपलेले आहे. खर्चही मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. हे छत नसते तरी मातीचा खळगा, टेकडी आणि तळे यांनी स्टेडियम जमिनीत मिसळलेच असते. छताने त्याला कीर्ती दिली. मिसळण्याचे काम मातीने केले.

या उघड्या, कुंपणे ठेंगणी ठेवलेल्या रचनेची एक भयंकर किंमतही याच ऑलिंपिकने पाहिली. ५ सप्टेंबर १९७२ च्या पहाटे दहशतवादी क्रीडानगरीचे कुंपण चढून आत शिरले आणि इस्रायली संघातील ११ जणांचा बळी गेला. त्यानंतरच्या ऑलिंपिकमध्ये सुरक्षेचा विचार आराखड्याच्या पहिल्या पानावर आला.

मैदानाचे पुढे काय झाले? बायर्न म्युनिक हा बलाढ्य फुटबॉल क्लब इथे १९७२ पासून खेळत होता. प्रेक्षकांची तक्रार नेहमीची : पट्टीमुळे खेळाडू लांब दिसतात, गोंगाट मोकळ्या हवेत विरून जातो, बऱ्याच जागांवर पाऊस येतो. स्टेडियमची अंतर्गत मोडतोड करून ते फुटबॉलसाठी उभे करावे, असे प्रस्ताव झाले. ते सोडून देण्यात आले. २००५ मध्ये क्लब शहराच्या उत्तर टोकाला, हायवेजवळच्या नव्या अलियान्झ अरेनात गेला. तिथे वरच्या मजल्याचा चढ ३४ अंशांचा आहे. आपल्या आलेखातल्या दोन वक्रांपैकी एक सोडून दुसरा पत्करला, एवढेच त्याचे स्पष्टीकरण. फुटबॉलच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. जुन्या स्टेडियमच्या दृष्टीनेही बरोबरच होता, कारण उभ्या चढासाठी तो खळगा बुजवावा लागला असता.

क्लब गेला म्हणून जुने स्टेडियम ओस पडले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूचा मालक गेला की ती वस्तू अडगळ होते. इथे स्टेडियम हा उद्यानाचा एक भाग होता आणि उद्यान रोज वापरात होते. लोक तळ्याकाठी फिरतात, धावतात, हिवाळ्यात मुले टेकडीवरून घसरगाड्या सोडतात. २०२२ मध्ये युरोपीय ॲथलेटिक्स स्पर्धा याच जुन्या पट्टीवर झाल्या.

२०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट हिचे दोन कार्यक्रम या स्टेडियममध्ये झाले. तिकीट न मिळालेले हजारो लोक समोरच्या टेकडीवर, राडारोड्यावर वाढलेल्या गवतात चादरी अंथरून बसले. बेनिश यांच्या आराखड्यात टेकडी आणि स्टेडियम यांच्यामध्ये भिंत नव्हती. त्यामुळे त्यांना गाणे ऐकू येत होते आणि रंगमंचावरचे दिवेही दिसत होते.